शेततळ्याचं पाणी हिरवं झालंय? मोरचूद टाकायच्या आधी हे वाचा

ऑक्टोबर हीट सुरू झाली की मला येणाऱ्या निम्म्या फोनवर एकच प्रश्न असतो, पाणी हिरवं झालंय, मोरचूद किती टाकू? मी उलट विचारतो की जनावरं त्या पाण्यावर जातात का, मासे सोडलेत का, घरात ते पाणी येतं का, तर समोरचा वैतागतो कारण त्याला फक्त आकडा हवा असतो. आकडा खाली दिलाय, पण तो आठव्या पायरीवर आहे आणि तिथपर्यंत पोचेस्तोवर बहुतेकांना त्याची गरजच उरत नाही.

मी स्वतः मामाच्या शेततळ्यात हीच चूक केलेली आहे. पोत्यात मोरचूद (कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार) बांधून दोरीने सगळ्या तळ्यातून फिरवला, दुसऱ्या दिवशी पाणी खरंच निवळल्यासारखं दिसायला लागलं, मामा खूश, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे रोहू-कटला पांढरी पोटं वर करून काठाला लागले होते. मामी बांधावर उभी राहून एकेक मासा मोजत होती, एकशे चाळीसच्या पुढे तिने मोजायचं सोडून दिलं. मासे मोरचुदाने मेले असं सगळे म्हणाले पण ते अर्धंच खरं होतं. एवढं सगळं हिरवं एका झटक्यात मेलं, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपला, आणि मेलेल्या पेशी फुटून आतलं विष पाण्यात उतरलं. त्या दोन दिवसांत म्हशींनी ते पाणी प्यायलं नाही हे आमचं नशीब.

तर आधी थोडक्यात कशाशी गाठ आहे ते, कारण पुढच्या प्रत्येक पायरीचं कारण इथेच आहे. नील-हरित शेवाळ म्हणतो ते शेवाळ नाहीच, ते जिवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. आपल्याकडच्या तळ्यांत जास्त करून मायक्रोसिस्टिस, ॲनाबिना, ऑसिलेटोरिया ही मंडळी सापडतात. यातल्या काही जातींच्या पेशीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात त्यामुळे त्या तरंगतात, दिवसभर ऊन खाऊन पेशीत साखर साठली की जड होऊन खाली जातात, रात्री साखर खर्च झाली की हलक्या होऊन पहाटे वर येतात. पाणी गरम, वारा पडलेला आणि फॉस्फरस भरपूर, एवढं जुळलं की आठवड्यात तळं पोपटी. काही यकृतावर मारा करणारं विष बनवतात, काही मज्जासंस्थेवर, आणि एकच जात कधी विषारी असते कधी नसते, नुसत्या डोळ्यांनी ते कुणालाही सांगता येत नाही. म्हणून रिपोर्ट हातात येईपर्यंत विषारीच धरायचं.

पायरी १: त्याच दिवशी जनावरं, माणसं, कुत्री बाजूला

पाणी ओळखायच्या आधी ही पायरी. ओळखण्यात चूक झाली तर दोन दिवस जनावरांना दुसरीकडचं पाणी पाजायचा त्रास होईल, एवढंच. पण जनावर दगावलं तर परत येत नाही.

जनावरं नेमकी तिथेच पितात जिथे धोका सगळ्यात जास्त असतो. वारा तवंग ढकलून एका कोपऱ्यात गोळा करतो, तळ्याच्या मधे पाणी फिकट हिरवं आणि त्या कोपऱ्यात घट्ट ऑइलपेंट सांडल्यासारखा थर, आणि शेळी काठावरूनच तोंड लावते. कुत्री तर पोहून येतात आणि अंग चाटतात, केसांना लागलेलं सगळं पोटात. कुत्रं भिजलं असेल तर चाटायच्या आत स्वच्छ पाण्याने धुवा, हातमोजे घालून.

लक्षणं लक्षात ठेवा: जनावर अचानक सुस्त होणं, झोकांड्या, अंग थरथरणं, झटके, तोंडाला फेस, हिरड्या-डोळे पांढरट पडणं, रक्ताचे जुलाब. मज्जासंस्थेचं विष असेल तर काही मिनिटांत ते काही तासांत खेळ संपतो, यकृताचं असेल तर दिवसभर लागू शकतो. याच्यावर उतारा म्हणून एकच औषध असं नाही, त्यामुळे घरगुती काढे पाजण्यात वेळ घालवू नका, १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरवर फोन करा किंवा ओळखीच्या डॉक्टरांना बोलवा आणि पहिल्या वाक्यात "हिरव्या पाण्यावर प्यायलंय" हे सांगा, नाहीतर ते विषबाधा म्हणून कीटकनाशकाचाच विचार करतात.

थांबा: घरात हे पाणी येत असेल तर उकळून प्यायचं हा विचार डोक्यातून काढा. उकळल्याने पेशी फुटतात, विष मात्र तसंच राहतं आणि पाणी आटलं की उलट दाट होतं. घरगुती यूव्ही फिल्टरचाही इथे भरवसा नाही. आणि टीडीएस मीटर दाखवून "दोनशेच आहे, पाणी एकदम चांगलं" असं सांगणारे खूप भेटतात, टीडीएसचा आणि या विषाचा काहीही संबंध नाही.

पायरी २: पहाटे जाऊन ओळख पटवा

दुपारी बारा वाजता तळं बघायला जाणं ही सगळ्यात कॉमन चूक. तेव्हा पेशी खाली गेलेल्या असतात, वारा सुटलेला असतो, पाणी नुसतं हिरवट दिसतं आणि माणूस म्हणतो एवढं काही नाही. सकाळी सहा-सातला, वारा सुटायच्या आत जा आणि काल संध्याकाळी वारा ज्या बाजूला वाहत होता त्या काठाला आधी जा.

काठीची तपासणी: लांब काठी थरात बुडवून वर काढा. लांब लांब केसांसारखे धागे लोंबले तर ते साधं तंतुमय शेवाळ, त्रासदायक आहे, ड्रिप चोक करतं, पण हा प्रकार तो नाही. काठी रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखी माखून निघाली तर सावध व्हा.

बाटलीची तपासणी, ही माझी सगळ्यात आवडती कारण तिला खर्च शून्य. पारदर्शक एक लिटरची बाटली, लेबल काढलेली, हातमोजा घालून पाण्यात हातभर खाली बुडवून भरायची, वरचा तवंग खरवडून नाही. पाऊण भरा, झाकण लावा, सावलीत अशा जागी ठेवा जिथे कुणी हलवणार नाही, आणि रात्रभर विसरून जा. सकाळी जर हिरवं सगळं वर येऊन दुधावरच्या सायीसारखा थर धरला असेल आणि खालचं पाणी बऱ्यापैकी निवळ असेल तर नील-हरित असण्याची दाट शक्यता. हिरवं तळाला बसलं असेल तर बहुधा साधं हिरवं शेवाळ. दोन्हीकडे थोडं थोडं असेल तर दोन्ही आहे आणि मग पहिलाच नियम, विषारी धरा. एक लक्षात घ्या, सगळ्याच नील-हरित जाती तरंगत नाहीत, काही तळाला किंवा प्लास्टिकला चिकटून काळपट-हिरव्या चकत्या करतात आणि त्या सुटून वर येतात, तेव्हा काठ पण बघा.

काठावर वाळलेला पापुद्रा: थर सुकताना कडेला निळसर झाक येते, अगदी नीळ सांडल्यासारखी. हे रंगद्रव्य फक्त पेशी मरताना बाहेर दिसतं. ही निळी कड दिसली की माझी तरी शंका मिटते.

गोंधळ कशाशी होतो? छोटी छोटी पानं आणि खाली मुळं दिसली तर ते टिकलीचं शेवाळ किंवा अझोला, वनस्पती आहेत. दुपारी लालसर आणि सकाळी हिरवा होणारा मखमली पापुद्रा बऱ्याचदा युग्लिनाचा असतो.

इथे एक गैरसमज मला फार छळतो. भातशेतीसाठी नील-हरित शेवाळ जैविक खत म्हणून मिळतं आणि अझोला जनावरांना खायला घालतात, त्यामुळे "हे तर चांगलं असतं" म्हणून तळ्यावरचा थर गोळा करून गोठ्यात नेणारे लोक आहेत. खताचं शेवाळ निवडून वाढवलेल्या जातींचं असतं. तळ्यात आपोआप उगवलेला थर कोणत्या जातीचा आहे हे आपल्याला माहीत नसतं. तो गव्हाणीत जाता कामा नये.

पायरी ३: औषधाच्या आधी मोजमाप

एक वही करा. चार गोष्टी लिहायच्या.

पाणी किती आहे. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंचा उतार एकास एक असलेल्या तळ्याचा तळ २४ बाय २४ चा होतो आणि काठोकाठ भरलं तर २,१९६ घनमीटर पाणी बसतं, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर. लोक सरळ ३०×३०×३ करून २,७०० धरतात आणि डोस सव्वापट जास्त जातो. शिवाय मार्चमध्ये तळं अर्धं असतं, ते कुणी धरतच नाही. डोसचा हिशोब सोपा आहे, लिटरला १ मिलिग्रॅम म्हणजे घनमीटरला १ ग्रॅम.

पीएच, दोनदा: सूर्य उगवायच्या सुमाराला आणि दुपारी तीनला. दाट बहर (या हिरव्या पेशींचा सुळसुळाट) असेल तर दुपारचा पीएच ९ च्या वर जातो, पेशी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात म्हणून. सकाळ-दुपारचा फरक जेवढा मोठा तेवढा बहर जोरात.

पारदर्शकता: २० सेंटीमीटर व्यासाची चकती, जुन्या पत्र्याची चालेल, चार भाग करून आलटून पालटून काळा-पांढरा रंग द्या, मधे दोरी, खाली वजन. दिसेनाशी होते ती खोली लिहा. मत्स्यपालनाच्या तळ्यात ३० ते ४० सेंटीमीटर ठीक, २० च्या खाली आली की धोका.

आणि मासे असतील तर पहाटे पाचचा ऑक्सिजन. मीटर नसेल तर डोळे वापरा, मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर आजची रात्र कशीबशी निघाली असं समजा.

नमुना पाठवायचा असेल तर दोन वेगळ्या बाटल्या लागतात आणि इथे बहुतेक जण चुकतात. पेशी ओळखायच्या-मोजायच्या बाटलीत लुगॉल आयोडीनचे थेंब टाकायचे, फिक्या चहाचा रंग येईपर्यंत. विष तपासायच्या बाटलीत काहीही टाकायचं नाही, ती काचेची, गडद रंगाची किंवा फॉइलने गुंडाळलेली, बर्फात ठेवून लवकरात लवकर पोचवायची. लॅबला आधी फोन करून विचारा की मायक्रोसिस्टिन (मायक्रोसिस्टिससारख्या जाती बनवतात ते यकृताचं विष) तपासता का, कारण नेहमीच्या पिण्याच्या पाण्याच्या रिपोर्टात ते नसतं. विषाची तपासणी परवडत नसेल तर निदान तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या सरांकडे बाटली घेऊन जा, मायक्रोस्कोपखाली मायक्रोसिस्टिसचे गोळे किंवा ॲनाबिनाची मण्यांची माळ ओळखायला त्यांना पाच मिनिटं लागतात.

खात्री करा: लॅबने फक्त विरघळलेलं फॉस्फेट तपासलं आणि ते शून्याजवळ आलं तर खूश होऊ नका. सगळा फॉस्फरस पेशींनी आधीच गिळलेला असतो. एकूण फॉस्फरस मागा.

पायरी ४: खुराक तोडा

हीच पायरी लोक गाळतात आणि म्हणून दर पंधरा दिवसांनी तेच तळं पुन्हा हिरवं होतं.

हिशोब बघा. लिटरला १०० मायक्रोग्रॅम फॉस्फरस म्हणजे तळं पक्कं हिरवं राहायला भरपूर झालं. वरच्या २,१९६ घनमीटरच्या तळ्यात एवढा फॉस्फरस व्हायला लागतो फक्त २२० ग्रॅम. डीएपीमध्ये फॉस्फरस पाचवा हिस्सा असतो, गोणीवरचा ४६ हा आकडा ऑक्साइडचा आहे, तेव्हा २२० ग्रॅम फॉस्फरस म्हणजे १,१०० ग्रॅम डीएपी. ५० किलोच्या गोणीतल्या तीन-चार ओंजळी! रंकाळ्याला किंवा उजनीच्या फुगवट्याला हा खुराक सांडपाण्यातून मिळतो, आपल्या तळ्यात तो आपणच घालतो.

कुठून येतो ते शोधायला तळ्याभोवती एक चक्कर मारा. बांधावर ठेवलेल्या खताच्या गोण्या, उताराला असलेला उकिरडा, कोंबड्यांचं शेड, शेळ्या बसायची जागा, जीवामृताची टाकी आणि तिचं गळकं झाकण. वेंच्युरीतून १२:६१ खत सोडताना मधेच लाइट गेली आणि पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसला की खताचं पाणी सरळ तळ्यात उलटं येतं, हे मी तीन ठिकाणी डोळ्यांनी बघितलंय आणि तिन्ही ठिकाणी मालकाला पत्ताच नव्हता. माशांचं खाद्य पण विसरू नका, खाद्यात साधारण टक्काभर फॉस्फरस असतो, १० किलो वाया गेलं की १०० ग्रॅम तळाला बसला.

बहर असेपर्यंत शेण, खत, स्लरी पूर्ण बंद. खाद्य बंद किंवा पाव.

थांबा: "नत्र कमी पडतंय म्हणून हे येतंय, युरिया टाका म्हणजे बॅलन्स होईल" हा सल्ला ऐकू नका. ॲनाबिनासारख्या जाती हवेतलं नत्र स्वतः पकडतात, पण मायक्रोसिस्टिसला ते जमत नाही आणि त्याला युरिया म्हणजे पंगतीचं आमंत्रण. उलट बाजूने नुसतं नत्र तोडूनही भागत नाही. फॉस्फरस तोडा.

पायरी ५: रात्री हवा

एरिएटर दिवसा चालवून वीज घालवतात. दिवसा पेशी स्वतःच ऑक्सिजन सोडतात, मारामारी असते रात्री, तेव्हा त्या आणि मासे मिळून तोच ऑक्सिजन वापरतात आणि पहाटे तळ गाठला जातो. रात्री दहा ते सकाळी सात. एरिएटर नसेल तर तळ्यातलंच पाणी पंपाने उचलून भोकं पाडलेल्या पाइपातून उंचावरून परत तळ्यात पाडा, फक्त वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभं राहू नका, ते तुषार श्वासात जायला नकोत. पाणी हलतं राहिलं की वर तरंगून ऊन घ्यायची त्यांची सोय पण मोडते.

मासे असलेल्या तळ्यात पुढची कुठलीही पायरी हवा चालू असल्याशिवाय करायची नाही. ढगाळ दिवशी तर नाहीच.

पायरी ६: साय काढा

पहाटे सगळं वर आलेलं असतं आणि एका कोपऱ्यात गोळा झालेलं असतं, ते तेव्हाच उचललं तर औषधाविना मोठा हिस्सा बाहेर जातो आणि त्याच्यासोबत फॉस्फरस पण. दोन्ही तोंडं बंद केलेला पीव्हीसी पाइप तरंगतो, त्याला दोन्हीकडे दोरी बांधून दोघांनी दोन काठांवरून हळू ओढत थर कोपऱ्यात आणायचा, मग बादलीने किंवा मच्छरदाणीच्या कापडाच्या झोळीने काढायचा. घाई केली की थर फुटून खाली मिसळतो. गमबूट, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, तोंडाला फडकं.

एकट्याने उतरायचं नाही. अस्तराचं प्लास्टिक ओलं झालं की पाय ठरत नाही, पोहता येणारी माणसं पण वर चढू शकत नाहीत, दरवर्षी शेततळ्यांत जीव जातात ते असेच. बांधावरच्या खुंटाला गाठी मारलेली दोरी तळ्यात सोडलेली हवी आणि हवा भरलेली ट्यूब हाताशी. पोरांना त्या दिवशी तिकडे फिरकू देऊ नका.

काढलेला थर कुठे टाकायचा? बांधावर टाकला तर पहिल्या पावसात परत तळ्यात. लांब, विहीर-ओढ्याच्या उताराला नसलेल्या जागी खड्डा करून टाका आणि लगेच मातीने झाका. वाळला म्हणजे निर्धोक झाला असं समजू नका, वाळलेल्या पापुद्र्यात विष महिनोन्‌महिने टिकतं. पालेभाजीच्या वाफ्यात आच्छादन म्हणून तर अजिबात नको.

पायरी ७: तुरटी, पण आधी बाटलीत

तुरटीचा फायदा असा की पेशी न फोडता ती त्यांना गोळा करून खाली बसवते आणि विरघळलेला फॉस्फरस पण धरते. म्हणून मोरचुदाच्या आधी तुरटी. पण डोस कुणाचं ऐकून टाकायचा नाही.

१० ग्रॅम तुरटी एक लिटर साध्या पाण्यात विरघळवा. तळ्याच्या पाण्याच्या पाच एक-एक लिटरच्या बाटल्या घ्या आणि सुईच्या सिरिंजने त्यात या द्रावणाचे १, २, ३, ४, ५ मिलिलिटर टाका, म्हणजे लिटरला १०, २०, ३०, ४०, ५० मिलिग्रॅम झाले. मिनिटभर जोरात हलवा, दहा मिनिटं अगदी हळू, मग अर्धा तास स्थिर. सगळ्यात कमी डोस ज्यात गठ्ठे खाली बसून पाणी निवळलं तो आपला डोस. २० मिलिग्रॅम निघाला तर भरलेल्या तळ्याला ४४ किलो लागतात.

त्याच बाटलीचा पीएच बघा, ६ च्या खाली गेला तर थांबायचं, पाण्यात क्षारता (अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल सोसायची ताकद; खारेपणा नव्हे) कमी आहे आणि त्या पाण्यात ॲल्युमिनियम माशांना मारतं. आणि गठ्ठे खाली न बसता वरच तरंगत असतील, जे मायक्रोसिस्टिसच्या बाबतीत होतं, तर नुसती तुरटी उपयोगाची नाही. दुसऱ्या बाटलीत चिमूटभर वस्त्रगाळ लाल माती सोबत टाकून बघा, वजनाने खाली जातात का. शेतातली खत खाल्लेली माती नको.

वेळ सकाळी सात ते नऊ, साय काढून झाल्यावर. दुपारी पीएच ९ च्या वर असताना तुरटी नीट काम करत नाही. द्रावण करून सगळीकडे सारखं शिंपडायचं, खडे फेकायचे नाहीत.

खात्री करा: खाली बसलेल्या पेशी मेलेल्या नसतात. तळ ढवळला, पोरांनी पोहायला उडी मारली, फूटव्हॉल्व्ह तळाला ठेवून पंप चालवला की त्या परत वर. फूटव्हॉल्व्ह तरंगत्या डब्याला बांधून मधल्या खोलीवर ठेवा, वरून साधारण मीटरभर खाली आणि गाळाच्या वर.

पायरी ८: मोरचूद, शेवटी आणि अटींवर

अटी आधी: तळ्यात मासे नाहीत. पाणी कुणाच्याही पिण्यात नाही, पुढचे तीन आठवडे येणार नाही. बहर सुरुवातीचा आहे, घट्ट साय झालेली नाही. एकूण क्षारता लॅबमधून मोजून आणलेली आहे. यातली एक जरी अट नसली तरी ही पायरी सोडून द्या.

क्षारता लिटरला ५० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर टाकू नका, तांबं फार जहाल होतं. २५० च्या वर असेल तर ते लगेच साका होऊन बसतं आणि पैसे वाया जातात. मधे असेल तर क्षारतेला १०० ने भागा, येईल तेवढे मिलिग्रॅम प्रति लिटर. क्षारता १२० असेल तर १.२, म्हणजे भरलेल्या तळ्याला सुमारे २.६ किलो. हा सगळा एकदम टाकायचा नाही. तिसरा हिस्सा, साधारण ८८० ग्रॅम, तळ्याच्या एका बाजूला, मग आठवडा थांबून पुढचा. प्लास्टिकच्या बादलीत विरघळवा, जस्ताच्या बादलीला ते खाऊन टाकतं. आणि तांबं कुठे जात नाही, ते गाळात साठतं आणि तो गाळ शेवटी आपल्याच शेतात पडतो.

पिण्याची अट एवढी कडक का, तर ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या पाम बेटावर १९७९ साली पिण्याच्या धरणातला बहर मारायला मोरचूद टाकला आणि पुढच्या काही दिवसांत १४८ माणसं यकृत-मूत्रपिंडाच्या त्रासाने आजारी पडली, बहुतेक सगळी लहान मुलं. मेलेल्या पेशींतून सुटलेलं विष नळाने घरात गेलं होतं.

पायरी ९: पाणी परत वापरात आणताना

साय गेली म्हणजे झालं, असं नाही. पेशी गेल्यावरही विरघळलेलं विष पाण्यात राहतं, ते जिवाणूंनी खाऊन संपायला दोन-तीन आठवडे तरी द्या. आठवड्याच्या अंतराने दोन बाटल्या स्वच्छ निघाल्या आणि तीन आठवडे झाले की मग जनावरं.

पिकाला त्याआधीही देता येतं पण ड्रिपने, मुळाशी. स्प्रिंकलरने पालेभाजीवर, कोथिंबिरीवर, स्ट्रॉबेरीवर नको, विष पानांवर राहतं. सँड फिल्टर रोज उलटा धुवा, ते धुतलेलं पाणी परत तळ्यात सोडू नका. लॅटरलची टोकं उघडून फ्लश करा.

मासे बहरात पकडून विकू नका. नंतर खाताना पोटातलं सगळं, विशेषतः यकृत, काढून टाका. सिल्व्हर कार्प सोडा ते सगळं खाऊन टाकतील असंही सांगितलं जातं, पण मायक्रोसिस्टिसच्या बऱ्याच पेशी माशाच्या आतड्यातून जिवंत बाहेर पडतात, त्यावर भिस्त ठेवू नका.

माणसांच्या पिण्याला, मायक्रोसिस्टिनच्या रिपोर्टशिवाय नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा कायम पिण्यासाठी लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे. गावच्या योजनेत असं पाणी येत असेल तर क्रम पाळायला सांगा: आधी तुरटीने पेशी अख्ख्या खाली बसवायच्या, मग गाळायचं, आणि टीसीएल (क्लोरीनची पावडर) सगळ्यात शेवटी. बऱ्याच ठिकाणी पाणी हिरवं दिसलं की पहिल्याच टाकीत टीसीएल पावडर दुप्पट करतात, त्याने पेशी तिथेच फुटतात. शेवटी टाकलेल्या क्लोरीनलाही पीएच ८ च्या खाली आणि निदान अर्धा तास वेळ मिळाला तरच ते विरघळलेल्या मायक्रोसिस्टिनवर काम करतं.

पायरी १०: मे महिन्यात करायची कामं

तळं आटलं की गाळ पूर्ण काढा, त्यातच पुढच्या वर्षीचं बियाणं बसलेलं असतं. गाळ शेतात टाकून नांगरून घ्या, फॉस्फरस पिकाला मिळतो, पण भाजीपाल्याच्या रानात नको. अस्तर नरम ब्रशने घासा, फावडं लावू नका. पाणी येतं त्या तोंडाशी एक गाळ-सापळा खड्डा करा आणि बांधाच्या बाहेरच्या बाजूने गवत वाढू द्या. रानातून वाहून येणारं पाणी तळ्यात घेत असाल तर पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर वळवा, त्यातच सगळं खत-शेण असतं. परवडत असेल तर शेडनेट टाका, ऊन कमी आणि बाष्पीभवन पण कमी, माझ्या मते हा खर्च सगळ्यात आधी निघतो.

मामा आता दर सोमवारी एक बाटली भरतो, मार्करने तारीख लिहितो आणि गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतो. मंगळवारी धारा काढायला जाताना बघतो. गेल्या एप्रिलमध्ये बाटलीच्या गळ्याला नखाएवढी हिरवी कड दिसली, तळ्यात अजून काहीच दिसत नव्हतं. त्याने म्हशी विहिरीवर वळवल्या, खाद्य थांबवलं, रात्रीचा एरिएटर लावला आणि दोन पहाटे कोपऱ्यातून मिळून चार बादल्या थर काढला. तुरटीची पिशवी उघडावी लागली नाही.